सड्यावरचा चकवा आणि येसूची ओवी

या मंडळी, बसा. आणि बसलात तर इथेच बसा. चुलीवरचं दूध उतू जाईल का, बैल कोणी आत घेतला असेल का, हे घटकाभर राहू द्या बाहेर चपलांपाशी. आजची कथाच तशी आहे.

सह्याद्रीच्या माथ्याशी हेळवणे नावाचं गाव. पन्नासेक उंबरे, एक ओढा आणि गावाच्या डोक्यावर कोसभर पसरलेला कातळाचा सडा, म्हणजे उघडंबोडकं पठार. या गावात भिकोबा महाराज एके वर्षी दोन दिवसांसाठी म्हणून आले आणि ओढ्याकाठच्या धर्मशाळेत सोळा वर्षं राहिले. मठ नाही, गादी नाही. एक घोंगडी आणि स्वतःच्या हाताने लिहिलेली सुट्या पानांची पोथी, एवढाच त्यांचा संसार. दर मार्गशीर्षात धर्मशाळेत सप्ताह बसायचा आणि या पोथीचं पारायण व्हायचं.

पारायणाला व्यासपीठावर त्र्यंबकशास्त्री. माणूस विद्वान, यात शंका नाही. पोथी सगळी मुखोद्गत. पण वाचण्याची तऱ्हा अशी, की डोळा एका पानावर आणि हात पुढच्या पानाखाली! तोंडातली ओवी संपायच्या आधी पान उलटलेलं. सात दिवसांचं पारायण त्यांनी तीन दिवसांत संपवावं आणि उरलेल्या चार दिवसांत दुसरं करावं. लोक तोंडात बोट घालायचे. शास्त्रीबुवा उपरणं सावरून म्हणायचे, "अजून दोनशे पारायणं करायची आहेत मला. वेळ कुठे आहे?"

त्याच धर्मशाळेच्या कोपऱ्यात खांबाला टेकून येसू कुंभारीण बसायची. मसू कुंभाराची बायको. पोर ना बाळ, दोघंच एकमेकांना. तिला महाराजांनी ओल्या मडक्यावर काडीने गिरवून अक्षरं शिकवली होती. एक ओवी वाचायची तर येसूला सकाळ पुरत नसे. अक्षराखाली बोट ठेवायचं, ते पुरतं ओळखू आलं की मगच बोट पुढे सरकायचं. वर्ष झालं, पण येसूची पहिली ओवी काही संपली नव्हती. संपली की ती पुन्हा तीच धरायची.

त्या वर्षीच्या सप्ताहात शास्त्रीबुवा सगळ्यांदेखत म्हणाले, "काय गं येसू, दुसरं पान बघायला पुढचा जन्म घेणार वाटतं?"

सगळे खो खो हसले. येसूही हसली बिचारी. म्हणाली, "व्हय बुवा. मला न्हाई तुमच्यावानी पळता येत."

महाराज म्हणाले, "वाचू द्या तिला. ती ओवीपाशी असते."

शास्त्रीबुवांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

आता सड्याचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिथलं आहे. मार्गशीर्षात सड्यावर भरदिवसा धुकं उतरतं. पसरलेला हातसुद्धा दिसत नाही. सड्याच्या पलीकडच्या अंगाला सरळ तुटलेला कडा आहे, वरून दगड टाकला तर पडल्याचा आवाज येत नाही. आणि त्या धुक्यात चकवा आहे, असं हेळवण्यातली जुनी माणसं सांगत. चकवा लागला की माणूस गोल गोल फिरत राहतो, हे तुम्हीही ऐकलं असेल. पण हा चकवा हाक मारायचा. गेलेल्या माणसाच्या आवाजात मारायचा, नाहीतर जे अजून झालंच नाही त्याच्या आवाजात मारायचा. हाकेमागे मन गेलं की पाय जायचे, आणि पाय जायचे ते कड्याकडेच.

सप्ताहाच्या पाचव्या दिवशी मसू कुंभार भट्टीसाठी लाकूडफाटा आणायला सड्यावर गेला आणि परत आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मुरारी पाटील आठ गडी घेऊन वर चढले, आणि घटकाभरात सगळे धावत खाली आले. एकाचाही चेहरा ओळखू येईना. पाटील म्हणाले, "माझी आई मला जेवायला बोलवत होती हो! तिला जाऊन वीस वर्षं झाली!" पुन्हा वर जायला एकही गडी तयार होईना.

येसू धावत धर्मशाळेत आली आणि महाराजांच्या पुढ्यात बसली. ती रडली नाही. म्हणाली, "म्हाराज, आजचा दिस गेला तर तो गारठ्यानं मरंल, न्हाईतर कड्यावरनं जाईल. मी जाते."

महाराजांनी पोथीचं पहिलं पान काढून तिच्या हातात दिलं. त्यावर तिची ओवी होती:

जेथें टेकिलें पाउल । तेंचि देवाचें राउळ ।
पुढें मागें जो व्याकुळ । तो चुकला ॥

महाराज म्हणाले, "एका अक्षराला एक पाऊल. अक्षर डोळ्यांना दिसल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. पाठ आहे म्हणून म्हणायचं नाही, बघून वाचायचं. कोणी हाक मारली तर ऐकू दे कानांना. बोट हलता कामा नये."

त्र्यंबकशास्त्री उठले. म्हणाले, "महाराज, पोथीच न्यायची तर ती आख्खी माझ्या जिभेवर आहे. ही अक्षर लावेपर्यंत तिकडे तो थंड होईल!"

महाराज म्हणाले, "शास्त्रीबुवा, आज राहू द्या."

पण ऐकतील तर ते शास्त्रीबुवा कसले! उपरणं कमरेला बांधून, खणखणीत आवाजात ओव्या म्हणत ते येसूच्या कितीतरी पुढे पायवाटेला लागलेसुद्धा. त्यांचा आवाज धुक्यात शिरला आणि मग कापल्यासारखा थांबला.

पाटील म्हणाले, "महाराज, तुम्हीच गेला असतात तर?"

महाराज म्हणाले, "मी चालणारच आहे." आणि ते घोंगडीवर बसून येसूची ओवी म्हणू लागले. कशी, तर एक अक्षर म्हणायचे, थांबायचे. पुन्हा एक अक्षर, पुन्हा थांबायचे. ओवी संपली की पुन्हा पहिल्यापासून. बाहेर ऊन पडलं होतं, आणि धर्मशाळेत मात्र अंगावर काटा येईल असा गारवा भरला. बायकांनी पदर अंगाभोवती ओढून घेतले. दुपार झाली. कितव्यांदा कोण जाणे, महाराज म्हणाले, "तें... चि... दे... वा... चें..." आणि थांबले ते थांबलेच. भिंतीवरचं ऊन वीतभर सरकलं, तरी पुढचं अक्षर येईना. न राहवून पाटील पुढे झाले. त्यांना वाटलं, महाराज विसरले. ते हळूच म्हणाले, "रा, महाराज. राउळ."

महाराज ओरडले, "गप्प! पुढे पाय ठेवायला जागा नाही!"

सोळा वर्षांत महाराजांचा आवाज असा कोणी ऐकला नव्हता. पाटील मटकन खाली बसले.

तिकडे सड्यावर येसू चालत होती. पान छातीशी, बोट अक्षराखाली. डावीकडून मसूचा आवाज आला, "येसू, मेलो गं! हिकडं ये!" तिचं काळीज लक्कन हललं, पण बोट हललं नाही. मग उजवीकडून बायकांचा गलका आला. बायका रडत होत्या, आणि मध्येच दगडावर बांगड्या फुटल्याचा आवाज आला. मंडळी, त्या येसूच्याच बांगड्या होत्या! उद्याच्या होत्या. तिने हाताकडे पाहिलं. बांगड्या हातातच होत्या, हिरव्यागार. तिने पुढचं अक्षर लावलं आणि पाऊल टाकलं.

अशी ओवी पुन्हा पुन्हा पहिल्यापासून धरत ती "देवाचें"पर्यंत आली, आणि तिच्या भुवईवरून दवाचा थेंब नेमका पुढच्या अक्षरावर पडला. शाई पसरली. अक्षर दिसेना. ओवी तिला तोंडपाठ होती, म्हणून टाकली असती तर कोण विचारणार होतं? पण महाराज म्हणाले होते, बघून वाचायचं. येसू एका पायावर भार देऊन तशीच उभी राहिली. पाय कापू लागले तरी उभी राहिली.

समोरून गार वारा वर आला आणि धुकं जरासं फाटलं. पुढे काहीच नव्हतं! ती कड्याच्या ओठावर उभी होती. आणि हातभर अंतरावर, दोन्ही पाय खाली सोडून मसू बसला होता. कड्याखालच्या पोकळीकडे बघून लाडाने बोलत होता, "येतो गं आये, आलोच."

येसूने एका हाताने पान धरलं आणि दुसऱ्या हाताने त्याची बंडी पकडून त्याला मागे ओढलं. त्याचा हात बर्फ झाला होता. तिने त्याचं बोट पानावर ठेवून दाबून धरलं. म्हणाली, "हितं बघ. मी हाय हितं." मसूने पानाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला.

तेवढ्यात धुक्यातून धावत पावलं आली. त्र्यंबकशास्त्री! पागोटं नाही, उपरणं नाही, डोळे पांढरे. "आलो रे वामना, थांब, आलो!" म्हणत ते सरळ कड्याकडे निघाले होते. वामन त्यांचा एकुलता एक मुलगा. बारा वर्षांपूर्वी तापाने गेला. त्या दिवसापासून शास्त्रीबुवा पारायणामागून पारायण उरकत होते. वाचणं थांबलं की घरात वामनच्या खोकल्याचा आवाज यायचा, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

येसूने त्यांचं धोतर पकडलं. "बुवा! अवो बुवा! ह्ये अक्षर मला लागंना. पाणी पडलंय. तुमी सांगा, म्हंजी पाय उचलता यील."

शास्त्रीबुवा धुक्याकडे बघत भराभरा पुढची ओवी म्हणू लागले, त्याच्या पुढची, त्याच्याही पुढची. येसू म्हणाली, "फुडचं नगं बुवा. ह्येच सांगा."

शास्त्रीबुवांनी मान खाली घातली. पसरलेल्या शाईत बराच वेळ पाहिलं. सड्यावर सगळं एकदम चिडीचूप झालं. मग ते म्हणाले, "रा. येसू, हा रा आहे."

"रा," येसू म्हणाली, आणि तिने पाऊल मागे वळवून गावाच्या दिशेने टाकलं.

त्याच क्षणी खाली धर्मशाळेत महाराज म्हणाले, "रा."

तिन्हीसांजेच्या आधी तिघं जण उतरले. एकाच पानावर तिघांची बोटं. पाटील महाराजांना हात देऊन उठवायला गेले तेव्हा त्यांना दिसलं, महाराजांची घोंगडी दवाने चिंब झाली होती आणि तळपायांना सड्यावरचा तांबडा चिखल होता. सकाळपासून ते जागचे हलले नव्हते, याला सारा गाव साक्षी आहे.

मसूला शेकोटीपाशी बसवून येसू त्याला पेज पाजू लागली. त्र्यंबकशास्त्री आधी तिच्यापाशी गेले. त्यांनी वाकून तिच्या पायांना हात लावला. ती ओशाळून म्हणाली, "अवो बुवा, ह्ये काय! अक्षर तर तुमीच लावलंत."

मग शास्त्रीबुवा महाराजांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकले. आणि मंडळी, तेवढ्यात ओढ्याच्या बाजूने, उन्हं कलताना, स्वच्छ हाक आली, "अण्णाऽ!" सगळ्यांनी ऐकली. शेकोटीभोवतीची माणसं जागच्या जागी थिजली. शास्त्रीबुवांचं डोकं अर्धं उचललं गेलं.

महाराजांनी त्यांना धरलं नाही.

हाक पुन्हा आली. शास्त्रीबुवांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, बारा वर्षांचं पाणी. ते महाराजांच्या पायांवरच्या चिखलाकडे बघत म्हणाले, "वामना, बाळा, मी इथं आहे रे." आणि त्यांनी डोकं खाली टेकवलं. हाक तिसऱ्यांदा आली नाही.