गावाच्या हंड्यासारखी घरं

एक होतं गाव, चाफेखोल. गावात घरं होती पुष्कळ, आणि राहायला एकही नव्हतं.

हसू नका, खरंच सांगते. निळ्या खाडीच्या काठाकाठानं लाल चिऱ्यांची, लाल कौलांची, अंगणात गुलबक्षी फुललेली इतकी देखणी घरं होती, की बघत राहावं. पण दाराशी गेलं की कुलूप. शहरातली माणसं दिवाळीत यायची, मे महिन्यात यायची, झोपाळ्यावर बसून "किती शांत आहे नाही इथे" म्हणायची आणि पुन्हा कुलूप लावून निघून जायची. शांत नसायला काय झालं? आरडाओरडा करणारी पोरं गावात उरतच नव्हती.

जी थोडी उरली होती त्यांत एक होती दुर्गी. दोन घट्ट वेण्या, गुडघ्याला खरचटलेलं, आणि नाकाच्या शेंड्यावर कायम थोडासा राग. दुर्गी आणि तिची आई बापूशेटच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायच्या. सुरंगीच्या दिवसांत त्या फुलं वेचायच्या, गजरे करून बाजारात विकायच्या. बाकीच्या दिवसांत आई मिळेल ते काम करायची. गावातली बरीचशी घरं आता बापूशेटचीच होती. एक दिवस तो अंगणात उभा राहून म्हणाला, "सुरंगी संपली की खोल्या रिकाम्या करा. पाहुण्यांसाठी रंगवायच्यात."

"आणि आम्ही कुठं जायचं?" दुर्गीनं विचारलं.

"कुठंही जा. गाव काय एवढंच आहे?" असं म्हणून तो गेला.

आईनं मुकाट्यानं जुन्या लुगड्यात भांडी बांधली. आईची पाठ वळताच दुर्गीनं गाठोडं सोडून भांडी परत फळीवर मांडली. संध्याकाळी आईनं पुन्हा बांधलं, दुर्गीनं पुन्हा सोडलं. आई रागावली नाही. तिनं लेकीला जवळ घेतलं, आणि मग दोघीही रडल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे दुर्गी डोंगराच्या कुशीतल्या सुरंगीपाशी गेली. सुरंगी तेव्हा नुसती बहरलेली होती. खोडाला, फांद्यांना, जिथं जागा मिळेल तिथं पांढरी इवली फुलं, त्यांत हळदी रंगाचे केसर, आणि सगळ्या रानभर वास. दुर्गीनं टोपली भरली, पण सगळ्यात खालची फांदी तेवढी तिनं हातही न लावता सोडली. ती फांदी मधमाश्यांची, असं तिनं ठरवून टाकलं होतं. पोटाला कमी पडलं तरी ती फांदी तिनं कधी वेचली नव्हती.

त्या फांदीवरून कुणीतरी म्हणालं, "दुर्गे, जरा थांबतेस का?"

एका फुलाच्या पाकळीवर अंगठ्याएवढी परी बसली होती. तिचा झगा मऊ दुधी, केस हळदीचे, आणि पंख असे की पहाटेचा कोवळा उजेड त्यांतून आरपार जात होता. तिनं पाय हलवले की पैंजणांतून सोनेरी भुकटी झरायची.

"माझ्या माश्यांची फांदी तू राखलीस," परी म्हणाली. "म्हणून मी तुला दोन इच्छा देणार आहे. पण नियम ऐक, बाळ. जे मागशील त्याचा मालक कोण, ते सांगावं लागेल. एकाच गोष्टीचे मालक बरेच असतील तर त्या सगळ्यांनी इथं येऊन एका तोंडानं मागायचं. एक जरी गप्प राहिला तरी इच्छा वाया जाईल. आणि एकदा दिलेलं मी परत घेत नाही."

दुर्गीनं फारसा विचारच केला नाही. आपल्यासारखीच बापूशेटनं आणखी कुणाकुणाला घरं सोडायला सांगितली होती ते तिला ठाऊक होतं. शाळेच्या काळसेकरबाई होत्या, कपडे शिवणारे हुसैनचाचा होते, आणखी दोनचार कुटुंबं होती. ती म्हणाली, "आम्हाला प्रत्येकाला एकेक घर दे. ज्याचं त्याच्या नावावर."

परीनं फुंकर मारली. ओढ्याच्या काठी घरांची रांग उभी राहिली: एक मोरपंखी, एक जांभळं, एक लिंबाच्या रंगाचं. खिडक्यांना रंगीत काचा, आणि उन्हं आली की ओसरीवर इंद्रधनुष्याचे तुकडे सांडायचे. आईनं गाठोडं आपल्या हातानं सोडलं. इथंच गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं.

पण बापूशेट होता ना. तो नोटांची पिशवी घेऊन दारोदार फिरू लागला. काळसेकरबाईंची बदली झाली. जाताना त्यांनी घर विकलं, आणि नव्या गुरुजींना राहायला जागाच मिळेना, म्हणून ते रोज दोन बस बदलून येऊ लागले. हुसैनचाचांचं घर मुलाच्या धंद्यापायी गेलं. मग दुर्गीची आई झाडावरून पडली. पाय मोडला, इस्पितळात राहावं लागलं, आणि मोरपंखी घरही बापूशेटचं झालं. कुणी वाईट वागलं नव्हतं हो. प्रत्येकाला कधी ना कधी अडचण आलीच, आणि अडचणीच्या दिवशी बापूशेट दारात हजर असायचा.

सुरंगी पुन्हा बहरली तोवर रांगेतल्या सगळ्या घरांना कुलपं लागली होती. दुर्गी आणि आई आपल्याच घराच्या मागच्या पडवीत भाड्यानं राहत होत्या, आणि आपलीच जुनी जमीन पाहुण्यांसाठी पुसत होत्या. आता बापूशेट म्हणत होता, की पडवी पाडून तिथं पोहायचा तलाव करायचाय.

दुर्गी तरातरा सुरंगीकडे गेली. "तुझी जादू कच्ची आहे," ती परीला म्हणाली. "वर्षभरसुद्धा टिकली नाही."

"घर तर अजून उभं आहे, बाळ," परी हळूच म्हणाली.

"घर उभं आहे, पण आम्ही बाहेर आहोत. मालक नसलेलं घर दे."

"तसं काही परीराज्यात नसतंच. मालक हवाच." परीचे डोळे दवासारखे भरून आले. "तुझी एक इच्छा अजून बाकी आहे. नीट विचार करून ये."

त्याच आठवड्यात गावात एक लग्न झालं. लग्नानंतर दुर्गी आणि आई ओढ्यावर बसून गावाची भांडी घासत होत्या. चाफेखोलात ही जुनी रीत. दुर्गी आत मावेल एवढाले तांब्याचे हंडे, पराती, डाव, झारे, सगळं देवळाजवळच्या खोलीत असायचं. ज्याच्या घरी कार्य असेल त्यानं न्यायचं, थोडं भाडं द्यायचं आणि घासूनपुसून परत ठेवायचं. त्या भाड्यातूनच कल्हई व्हायची, नवी भांडी यायची. भांड्यांचं बघायचे भिवाआजोबा. ते काठावर बसून विडी ओढत होते.

"आजोबा, हे हंडे कुणाचे हो?" दुर्गीनं विचारलं.

"गावाचे. नाव कोरलंय बघ वर." हंड्याच्या काठावर ठोकून ठोकून काढलेली अक्षरं होती: चाफेखोल.

"कुणाला अडचण आली, आणि त्यानं विकले तर?"

आजोबांना हसता हसता ठसका लागला. "बापूशेट मागे फिरत व्हता की. ह्यो मोठा हंडा त्याला बंगल्यात ठेवायचा व्हता, त्यात झाड लावायचं म्हनं. वर्षभर फिरला. ज्याला त्याला इचारलं. पन द्येनार कोन? म्या एकटा देऊ शकत नाय, तुझी आई देऊ शकत नाय. वापरतात सगळी, इकायचा हक नाय कुनाला."

दुर्गीच्या हातातली राख तशीच राहिली. मग ती उठली आणि ओल्या हातांनीच गावभर पळाली.

संध्याकाळी सगळे जुन्या खळ्यावर जमले. हे खळंही गावाचंच होतं. पूर्वी तिथं भाताची मळणी व्हायची, आता नुसतं गवत वाढलं होतं. दुर्गी दगडावर चढून म्हणाली, "इथं घरं हवीत. गावाच्या हंड्यासारखी. राहायची, पण विकायची नाहीत."

मग जो गोंगाट झाला तो काय विचारता. "भाडं किती?" कुणी म्हणालं. "ज्याला जेवढं झेपंल तेवढं," कुणी उत्तर दिलं, "पन फुकट नाय. कौलं फुटली तर कुठून आननार?" आधी घर कुणाला द्यायचं यावर तर भांडणच झालं, आणि शेवटी ठरलं, की ज्याचं काम गावात आणि ज्याची पोरं इथल्या शाळेत, त्याला आधी. हुसैनचाचांनी चष्मा पुसत विचारलं, "माझ्यानंतर घर माझ्या मुलाचं ना?"

"मुलगा इथं राहत असंल तर तो भाड्यानं राहील, चाचा," दुर्गीची आई म्हणाली. ती एरवी चारचौघांत बोलत नसे. "आनि निघून जायचं असंल तर घासूनपुसून परत. माझंच घर माझ्या हातनं गेलं. परत माझ्या एकटीच्या हातात देऊ नका."

हे सगळ्यांना पटलं. मालक ठरला: गाव.

दुर्गीनं परीचा नियम सगळ्यांना सांगितला, आणि पहाटे अख्खं गाव सुरंगीखाली उभं राहिलं. म्हातारे आले, तान्ही पोरं कडेवर आली, आणि बापूशेटही आला, कारण तोही चाफेखोलचाच होता. सगळे एका सुरात म्हणाले, "आमच्या खळ्यावर गावाची घरं उभी राहू दे." बापूशेट मात्र हाताची घडी घालून, ओठ मिटून उभा राहिला.

काहीच झालं नाही. एक पाकळीसुद्धा हलली नाही.

"नियम आहे, बाळ," परी इतक्या बारीक आवाजात म्हणाली, की दुर्गीलाच ऐकू आलं. "एक माणूस गप्प राहिला."

दुर्गीच्या नाकाच्या शेंड्यावरचा राग आता गालांवर उतरला होता, कानांपर्यंत गेला होता. "असेल नियम," ती म्हणाली. "तो तुझा. आम्ही शंभर जणांनी मागितलं ते एकाच्या गप्प बसण्यानं पुसून जात असेल, तर ठेव तुझी इच्छा तुझ्यापाशी. घरं आम्ही बांधतो. मला तुझा राग नाही, परी. पण मी आता थांबणारसुद्धा नाही."

ती वळली आणि खळ्याकडे चालू लागली. वाटेत पडक्या गडग्यातला, म्हणजे दगडी कुंपणातला, एक चिरा तिला दिसला. तिला तो उचलवेना, म्हणून तिनं ढकलायला सुरुवात केली. आईनं लंगडत येऊन दुसरी बाजू धरली. मग हुसैनचाचा आले. मग रांग लागली, आणि चिरे हातोहात खळ्यावर पोचू लागले. नव्या गुरुजींनी धोतरासारखी पँट वर खोचून माती मळली. भिवाआजोबांनी गावाचे हंडे आणून पाण्यानं भरले. बापूशेट गडग्यावर बसून सांगत होता, की हे पावसात वाहून जाणार. त्याचं ऐकायला कुणाला वेळच नव्हता.

ऊन कलेपर्यंत पहिली भिंत दुर्गीच्या कमरेएवढी झाली. थोडी वाकडीच होती. दुर्गी तिला हात लावून उभी असताना कानाशी गुणगुण झाली. मधमाशीच्या पाठीवर बसून परी आली होती.

"मी सबंध दिवस फांदीवर बसून तुम्हाला बघत होते," ती म्हणाली. "इतकी वर्षं मी माणसांना घरं दिली. प्रत्येकानं माझं म्हणून घेतलं आणि आत जाऊन दार लावलं. आज पहिल्यांदा दुसऱ्याच्या घराचा दगड उचलणारी माणसं बघितली. मी नियम मोडणार आहे, दुर्गे."

"तुला शिक्षा होईल?"

"नियम मोडणारी परी पुन्हा इकडे येऊ शकत नाही."

"मग नको," दुर्गी घाईनं म्हणाली. "आम्ही बांधू. उशीर लागेल, पण बांधू."

"माहीत आहे. म्हणूनच तर मोडते." परी हसली, आणि त्या हसण्यात दुर्गीचा थोडासा हट्ट होता. "आमची राणी रागावेल. रागावू दे. माझी फांदी तेवढी राख."

तिनं पंख पसरले. आधी हळदी, मग केशरी, मग गुलाबी असा उजेड त्या वाकड्या भिंतीवरून वाहत गेला. भिंत वर चढली. तिच्या शेजारी दुसरी आली, तिसरी आली. कौलं माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक बसली, खिडक्या उघडल्या, ओसऱ्यांवर कंदील डुलू लागले. सगळ्या खळ्याभोवती घरांची माळच झाली, आणि दुर्गीनं उभी केलेली ती कमरेएवढी वाकडी भिंत मात्र परीनं तशीच वाकडी ठेवली. उजेड झगमगत उंच गेला आणि विझला. खाली सुरंगीचा वास तेवढा राहिला. दुर्गी रडली, अगदी हमसून रडली.

त्या रात्री आईनं गाठोडं सोडलं आणि लुगड्याचे दोन तुकडे करून खिडकीला पडदे लावले. आता बांधायला फडकंच उरलं नाही. गुरुजी शेजारच्या घरात राहायला आले. शाळेत पुन्हा एवढा गोंगाट होऊ लागला, की खाडीवरचे बगळे दचकायचे. भाडं ज्याचं त्याच्या बेतानं जमायचं, आणि पावसाआधी त्यातून कौलं शेकारली जायची.

बापूशेट आला, येणारच होता. बगलेत नोटांची पिशवी होती. तो पहिल्या घराशी गेला, दुसऱ्या घराशी गेला, सगळ्या खळ्याला फेरी घालून आला. मालकाचं नाव शोधत होता. प्रत्येक दाराच्या चौकटीवर ठोकून ठोकून काढलेली तीच अक्षरं होती: चाफेखोल.

दुर्गी वाकड्या भिंतीवर बसून गजरा करत होती.

"काय गो दुर्गे," तो म्हणाला, "ही घरं घ्यायची तर इचारायचं कुनाला?"

दुर्गीनं दोऱ्याची गाठ मारली आणि देवळाकडे बोट दाखवलं.

"त्या मोठ्या हंड्याला विचारा, बापूशेट. तुमची ओळख आहे."