एकाच रिळाचा धागा

एकदा एक मापाडी तालमीतल्या वृद्ध वस्तादांकडे आला. नाव रंगनाथ, वय एकोणचाळीस, धान्यबाजारात पोती तोलण्यात निम्मे आयुष्य गेलेले. पायांना हात लावायला वाकला, पण पोट आड आले आणि हात गुडघ्यांशीच अडले. धापा टाकीत म्हणाला, "वस्ताद, माझे वडील असंच पोट घेऊन चाळिशीत गेले. माझी पोर पाच वर्षांची आहे. मला जगायचंय."

वस्तादांनी त्याला नेमाचे जेवण, आठवड्यातून दोन उपवास आणि जोर-बैठका नेमून दिल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे उपाशीपोटी बोलावून त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. काळ्या धाग्याचे रीळ घेतले, एक धागा त्याच्या कमरेला बेंबीवरून बांधला, दुसरा दंडाला. दोन्ही अगदी अंगालगत. "दोन महिने सोडायचे नाहीत," एवढेच म्हणाले. दृष्ट लागू नये म्हणून असेल, असे रंगनाथला वाटले.

आणि दृष्ट लागली ती त्याची स्वतःचीच! बाजारातल्या काट्यावर हा गृहस्थ सकाळी चढे, दुपारी जेवून चढे, घाम गाळून पुन्हा चढे. कधी किलोभर कमी, कधी दीड किलो जास्त. दोन महिने सरले तरी काटा जेमतेम किलोभर खाली. स्वतःच्या शरीराला शिव्या घालीत रंगनाथ रडकुंडीला आला.

"वस्ताद, उद्यापासून अन्न बंद. काटा हलेपर्यंत नुसतं पाणी."

"धाग्यांचं काय?"

"कमरेचा सैल पडलाय, वाढला असेल. दंडाचा मात्र काचतोय. अंघोळीनं आटला वाटतं."

वस्ताद खदखदून हसले. "आरं, एकाच रिळाचा धागा कमरेला वाढला आणि दंडाला आटला? ओलं पोतं जास्त भरतं, हे मापाड्याला मी सांगू? काटा पाणी, जेवण, चरबी, मांस सगळं एकत्र तोलतो. तुझी चरबी गेली, मांस आलं, म्हणून काटा गप्प बसला. उपाशी राहून काटा खाली आणशील रं, पण हे कमावलेलं मांसबी घालवशील. मोजायचंच तर आठवड्यातून एकदा मोज. पहाटे, पाण्याच्या घोटाआधी, त्याच काट्यावर, त्याच धाग्यानं. आणि ज्या देहानं दोन महिने गुमान काम केलं, त्याला शिव्या देऊ नकोस."

रंगनाथने कमरेच्या धाग्यात बोटे घातली. चार बोटे सहज आत गेली. त्याला एकदम भरून आले. ज्या शरीरावर तो रोज चिडत होता, ते त्याच्या पोरीसाठी मुकाट्याने राबत होते. त्याने पोटावर हात ठेवला आणि मनोमन त्याची क्षमा मागितली, त्याचे आभार मानले.

मग तो वस्तादांच्या पाया पडायला वाकला. या वेळी हात गुडघ्यांशी अडले नाहीत, थेट पावलांवर टेकले. बराच वेळ त्याने ते उचललेच नाहीत.

"बघ, हे तिसरं माप," वस्ताद म्हणाले. "ऊठ आता. पोर जेवायची थांबली असंल."