एडक्याचा काळा पट्टा

सन दोन हजार सोळा, वैशाख महिना. ऊन असं की दुपारी कुत्रीसुद्धा रस्ता ओलांडत नव्हती. त्या वैशाखात कोनवडी गावात म्हाळू नावाचा एक भोळा माणूस होता. तो आधीही होता. पण किती भोळा आहे, हे गावाला त्या महिन्यात कळलं.

म्हाळू तिशीचा. घरात तो, त्याची आई आणि एक शेळी. शेळी त्यांची नव्हती. शेजारच्या इंदुबाईंनी ती वाट्याने पाळायला दिली होती. बोली अशी होती की दूध यांचं, पहिलं करडू इंदुबाईंचं, पुढचं यांचं. म्हाळूच्या आईचं घर त्या दुधावर चालत होतं. पहिलं करडू झालं होतं. जरा थोराड झालं की ते इंदुबाईंकडे जायचं होतं.

सुट्टीत शाळेच्या मैदानावर कराटेचं शिबिर लागलं. तालुक्याहून दिवटे सर आले. मैदान झाडायचं आणि पाणी भरायचं काम म्हाळूला मिळालं. पोरं सहा-सात वर्षांची. आठवडा झाला की पट्ट्याचा रंग बदलायचा. पांढरा, पिवळा, हिरवा, तपकिरी, आणि शाळा उघडायच्या आत काळा. आमच्या तालमीत पोराला वर्षभर नुसती माती उकरायला लावत, आणि लंगोट सगळ्यांचा सारखाच असे. पण ते राहू द्या.

सर रोज पोरांना एकच सांगायचे, "काळा पट्टा बांधला की भीती संपली. मग समोर कुणीही येवो."

म्हाळूने हे ऐकलं. घरी येऊन आईच्या छत्रीची काळी पट्टी कापली, करडाच्या पोटाला बांधली आणि करडू कुंपणाबाहेर सोडून दिलं. म्हणाला, आता समोर कुणीही येवो.

समोर माळावरची कुत्री आली. करडू गेलं. पट्टी राहिली. ती फाटलीसुद्धा नव्हती.

आईने कपाळावर हात मारून घेतला. म्हणाली, "म्हाळ्या, नुसता पट्टा बांधून काय होतं? आधी शिकवायचं, परीक्षा घ्यायची, मगच बांधायचं."

"चुकलं," म्हाळू म्हणाला. "आता ध्यानात ठेवीन."

करडू गेल्याचं इंदुबाईंना कळलं. त्या ओट्यावर उभं राहून अर्धा तास बोलल्या. शेवटी म्हणाल्या, करडाचं नंतर बघू, तोवर माझी कामं कर. बाजारात त्यांनी एक खोंड घेतलं होतं. दावं बांधून ते घरी आणायला त्यांनी म्हाळूला धाडलं.

म्हाळूने दावं हातात घेतलं. मग त्याला आईचं बोलणं आठवलं. त्याने खोंडाला विचारलं, गाव कुठलं? खोंड बोललं नाही. घर कुठल्या आळीला? तेही सांगता आलं नाही. म्हाळूने त्याला नापास केलं, दावं आपल्या खांद्यावर टाकलं आणि पुढे चालू लागला.

तो घरी पोचला. खोंड शेजारच्या शिंग्यांच्या कांद्याच्या शेतात पोचलं. ते बाहेर काढायला सहा माणसं लागली. इंदुबाईंना शिंग्यांच्या बायकोचं जे ऐकून घ्यावं लागलं, ते इथे लिहिता येत नाही.

आई म्हणाली, "अरे, दावं आधी बांधायचं असतं. शिकायचं ते मग हळूहळू शिकतं."

"चुकलं," म्हाळू म्हणाला. "आता ध्यानात ठेवीन."

चार दिवसांनी इंदुबाईंच्या पुतण्याचं लग्न होतं. दारात घोडा, वाजंत्री, मांडवात ही गर्दी. इंदुबाईंनी म्हाळूच्या हातात मुंडावळ्या दिल्या आणि सांगितलं की आतल्या खोलीत जाऊन बांध, नवरदेवाला मारुतीला न्यायची वेळ झाली.

आतल्या खोलीत दोघे होते. नवरदेव बूट घालत होता. इंदुबाईंचा सहा वर्षांचा नातू आरुष लाडू खात होता. म्हाळूने दोघांकडे पाहिलं. नवरदेव बारावी झालेला, नोकरीला लागलेला. त्याचं शिकून झालं होतं. आरुषचं सगळंच शिकायचं राहिलं होतं. आणि आई म्हणाली होती, आधी बांधायचं.

त्याने आरुषला मुंडावळ्या बांधल्या, कडेवर घेतलं आणि घोड्यावर बसवलं. वाजंत्री सुरू झाली. धुरळा उडाला. वरात मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन नारळ फुटला, तेव्हा मागून एका बुटावर पळत येणारा नवरदेव लोकांना दिसला.

इंदुबाई म्हणाल्या, "मेल्या, हे एवढंसं पोर नवरदेव कसं होईल? बांधताना त्याचं वय बघायला नको?"

म्हाळू म्हणाला, "काकू, परवा आरुषला काळा पट्टा बांधणार आहेत. तेव्हाही बघायचं का?"

 इंदुबाई जास्तच चिडल्या. त्यांनी म्हाळूच्या आईला सर्वांदेखत बजावलं की पट्ट्याच्या कार्यक्रमादिवशी करडाच्या बदली जनावर मिळालं पाहिजे. नाही मिळालं तर त्याच संध्याकाळी शेळी सोडून नेईन.

म्हाळूची आई घरी येऊन शेळीजवळ बसली.  मग लेकाला एवढंच म्हणाली, "बाबा, बांधायचं ते आधी पारखून बांधावं. बाकीचे पळाले तरी जो जागचा हलत नाही, त्यालाच बांधावं."

"चुकलं," म्हाळू म्हणाला. "आता ध्यानात ठेवीन."

आईने त्याला मामाकडे धाडलं. मामाकडे मेंढरं होती. त्यांत एक एडका होता. तो मामाला, मामीला आणि मामाच्या मोटारसायकलला धडका देई. मामाने तो आनंदाने दिला. सांगितलं, "वाटेत कुठं सोडू नको. जिला द्यायचा, तिच्या पुढ्यात नेऊन सोड."

म्हाळूने वाटेत सोडला नाही. इंदुबाईंच्या घरी गेला तर घराला कुलूप. सगळे मैदानावर. म्हाळू एडका घेऊन मैदानावर गेला.

मांडव भरला होता. इंदुबाई पहिल्या खुर्चीवर, नवं लुगडं नेसून. त्यांच्या समोर काळे पट्टे बांधलेली बावीस पोरं ओळीने उभी. आरुषचा पट्टा त्याच्या गुडघ्याखाली लोंबत होता. सर माइकवर बोलत होते. आज ही लेकरं तयार झाली, भीती हा शब्द त्यांनी पुसून टाकला, आता समोर कुणीही येवो.

म्हाळूने इंदुबाईंच्या पुढ्यात जाऊन एडका सोडला.

एडक्याने आधी माइक पाडला. मग त्याने ओळीकडे पाहिलं. ओळ राहिली नाही. काही पोरं मंचावर चढली, काही मंचाखाली गेली. आरुष आजीच्या पदरात शिरला. आजी खुर्चीवर उभ्या राहिल्या. सरांनी पोरांना ओरडून सांगितलं की घाबरू नका, आणि ते लिंबाच्या झाडावर चढले. चढताना पट्टा फांदीला अडकून सुटला आणि खाली पडला.

कुणाला लागलं नाही. एडक्याच्या धडकेजोगतं खाली कुणी उरलंच नव्हतं. तो मैदानाच्या मधोमध उभा राहिला. जागचा हलला नाही.

म्हाळूने मैदानभर नजर फिरवली. बाकीचे सगळे पळाले होते. त्याला आईचं बोलणं आठवलं. त्याने सरांचा पट्टा उचलला, धूळ झटकली आणि एडक्याच्या गळ्यात बांधला. मग सर पोरांना करायचे तसा वाकून नमस्कार केला.

सर झाडावरून म्हणाले, "म्हाळू, तो माझा पट्टा आहे."

"सर, खाली या," म्हाळू म्हणाला. "तुमचीही परीक्षा घेऊ."

सर आले नाहीत.

म्हाळूने एडक्याला त्याच काळ्या पट्ट्याने धरून गावातून नेलं. इंदुबाईंच्या गोठ्यात, खोंडाशेजारी, दावणीला बांधलं. करडाचं देणं फिटलं.