हौसाचं विरजण आणि सर्जेरावांची गाडी

ज्ञानू पोवारच्या टेम्पोचा उद्या भुगा होणार होता. तोही टीव्हीवर, जाहिरातींसकट!

कोल्हापुरात तेव्हा घरोघरी एकच कार्यक्रम लागायचा, 'ब्रेक लाव रे, मर्दा!' बेशिस्त ड्रायव्हर शोधून आणायचे आणि तीन आठवडे शिकवायचं. सुधारला तर चार नवे टायर. नाही सुधारला तर त्याचीच गाडी भंगाराच्या मशीनखाली! सही आधीच घेतलेली. आणि आपला ज्ञानू म्हणजे काय सांगू! ब्रेक असा दाबायचा, की मागची वांगी उडून पुढच्या काचेवर! पाच ट्रेनर झाले. एकाची मान आखडली, एक न सांगताच गावी निघून गेला.

चॅनेलचे मालक सर्जेराव इंगवले. भयंकर हट्टी माणूस. त्यांनी मिशीवर हात फिरवला आणि कॅमेऱ्यापुढंच ओरडले, "बास झालं! उद्या मशीन आणा!"

तेवढ्यात ज्ञानूची बायको हौसा पुढं आली. "साहेब, त्यो टेम्पो गेला तर आमची चूल कशावर पेटायची? मला एक दिवस द्या. मी सुधारते ह्यास्नी."

"तू? तुला गाडी चालवता येते?"

"न्हाई."

"मग शिकवणार काय, कपाळ?"

"ते माझं मी बघते की!"

सर्जेरावांना गंमत वाटली. "दिला एक दिवस! पण अट ऐक. नऊ ते तीन त्याच्या शेजारी बसायचं. तोंडातनं एक शब्द काढायचा नाही. स्टिअरिंगला हात लावायचा नाही. खुणा नाहीत, चिमटे नाहीत, डोळे वटारणं नाही! मी स्वतः माझ्या गाडीतनं मागं असणार."

"सहा तास गप्प? ही?" ज्ञानूच्या तोंडून निसटलं.

हौसानं असे डोळे वटारले, की कॅमेरामनसुद्धा मागं सरकला. "अट उद्यापास्नं हाय," ती म्हणाली. "आज चालतंय!"

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता हौसा चॅनेलच्या पटांगणात हजर. हातात कोमट दुधाची दोन पातेली! तिनं सगळ्यांदेखत दोन्हींत चमचा-चमचा दही घातलं, ढवळलं, वर झाकण ठेवलं.

"साहेब, ह्यातलं एक तुमच्या गाडीत ठेवू का? माझ्या मांडीवर दोन मावत न्हाईत. परत आलं की सगळ्यांस्नी दही-भात."

"ठेव की मागच्या सीटवर! दह्याला कोण नको म्हणतंय?"

हौसा दुसरं पातेलं मांडीवर घेऊन टेम्पोत बसली आणि तोंड मिटलं ते मिटलंच.

ज्ञानू सवयीनं क्लच सोडणार, एवढ्यात त्याची नजर पातेल्यावर गेली. पाय जागच्या जागी थबकला! कारण लहानपणापासनं त्याला धाक एकच. विरजण लावलेलं पातेलं हलवायचं नाही! हललं की दही मोडतं, पाणी सुटतं, आणि मग आई उलथनं घेऊन मागं लागते. अजूनसुद्धा विरजणाच्या फळीजवळनं हा गडी चवड्यांवर जायचा. बरं, दह्याशिवाय घास उतरत नाही, ते वेगळंच!

टेम्पो निघाला तो पाळण्यासारखा! स्पीडब्रेकर लांबनं दिसला की पाय आपोआप हलका. गंगावेशीत म्हैस आडवी आली, ज्ञानूनं आधीच वेग उतरवलेला. रंकाळ्याच्या वळणावर झाकण वाजलंसुद्धा नाही. हौसा आपली खिडकीतनं दुकानांच्या पाट्या वाचतेय.

आणि मागं सर्जेराव! पों पों पों! "अरे हाण की लेका!" डावीकडनं घुसले, बससमोर कचकन ब्रेक मारला. पुढच्या स्पीडब्रेकरवर गाडी उडाली आणि शेजारी बसलेल्या कॅमेरामनचं डोकं टपाला आपटलं. पुन्हा पों पों!

तीन वाजता सगळे परत आले. पटांगणात भंगाराचं मशीन उभंच होतं.

सर्जेराव उतरले. "चालवली बरी. पण कॅमेऱ्यात रस्ता दिसतो, गचके कुठं दिसतात? गचका बसला नाही कशावरनं? साक्षीदार कोण? तू तर त्याची बायको!"

"मी कशाला? साक्षीदार माझ्या मांडीवर बसून आलाय!"

हौसानं झाकण काढलं. आत पांढरंशुभ्र, घट्ट कवडीचं दही! तिनं पातेलं तिरकं केलं. दही ढिम्म हललं नाही! सगळ्यांनी शिट्ट्या मारल्या.

सर्जेराव काय लगेच ऐकतायत! "ह्यात काय एवढं? मे महिन्याच्या उन्हात दही कुठंही लागतं!"

"अगदी बरोबर बोललासा, साहेब! तेच दूध, तेच विरजण, तेच ऊन. म्हंजे तुमच्या गाडीतलं बी लागलं असंल. बघूया?"

दार उघडलं. झाकण खाली पडलेलं. अर्धं दूध सीटच्या नव्याकोऱ्या कव्हरवर, आणि उरलेल्यात नुसत्या गुठळ्या आणि पाणी!

हौसानं पदर खोचला. "साहेब, मशीन आणलंयच म्हटल्यावर मोकळं कशाला धाडायचं? फकस्त एवढं सांगा, कुणाची गाडी घालायची?"

सर्जेरावांनी सीटकडं पाहिलं. पातेल्याकडं पाहिलं. आणि मग असे खदाखदा हसले, की हसता हसता त्या ओल्या सीटवरच जाऊन बसले!

"घालवा ते मशीन! ज्ञानूच्या टेम्पोला चार नवे टायर लावा! आणि हौसाताई, सोमवारपासनं इथल्या ट्रेनर तुम्ही. पगारी! पहिला विद्यार्थी मी!"

"येते की!" हौसा म्हणाली. "पण साहेब, तुमचं शिक्षण लांबणार. दूध तुमच्या घरचं!"