खर्डेकर साहेबांचं लॉगआउट

दूध संघात दर शनिवारी संध्याकाळी सगळ्यांनी लॉगआउट व्हायचं आणि मग संगणक सांभाळणाऱ्या रेवती कुंभोजेने त्यातल्या जुन्या सामाईक नोंदींची साफसफाई करायची, अशी पद्धत होती. एकजण जरी आत राहिला, तरी सफाई होत नसे. आणि व्यवस्थापक खर्डेकर कायम आतच. लॉगआउट होणं हे कारकुनांचं काम, साहेबाचं नव्हे, अशी त्यांची समजूत.

अखेर साचलेल्या नोंदींमुळे एका सोमवारी सगळे संगणक अडकले आणि दुधाचे टँकर फाटकातच खोळंबले. खर्डेकरांनी अध्यक्षांसमोर खापर रेवतीवर फोडलं. "हिला काढून टाका. मी आत आहे म्हणून चाललंय. मी लॉगआउट झालो तर संघ बुडेल."

"मग एक चहा होईपर्यंत होऊन दाखवा," रेवती म्हणाली. "बाकीचेही होतील. संघ बुडाला तर मी आजच घरी जाते."

खर्डेकर मिशीत हसत लॉगआउट झाले. त्यांचा कप रिकामा व्हायच्या आत सफाई उरकली, संगणक पळू लागले, टँकर सुटले.

"आता आत येऊ ना?" खर्डेकर पुटपुटले.

"या की साहेब," रेवती म्हणाली. "फक्त दर शनिवारी असाच संघ बुडवत चला."