छताखालचा होम

सोलापुरातल्या एका विणकर वसाहतीत उन्हाळ्यात पत्रे असे तापत, की घरात बसवत नसे. कारखानदार राजेशमशेठनी आपल्या यंत्रमागांवरच्या चिंध्या दाबून जाड तक्ते बनवले आणि पत्र्यांखाली ठोकायला टेम्पो भरून आणले. कॉलेजात शिकणाऱ्या अंबिकेने विचारलं, "काका, हे पेटू नयेत म्हणून बोरिक पावडरच्या पाण्यात भिजवलेत ना?"

"चार बुकं शिकलीस म्हणून मला शिकवतेस? माझा तक्ता पेटतच नाही!" शेठ गरजले. वसाहतीतल्या थोरांनीही तिच्यावरच डोळे वटारले.

"चुकलं माझं," अंबिका हात जोडून म्हणाली. "मग पहिले तक्ते आमच्याच घरी ठोका. उद्या वास्तुशांत करू. होमाला यजमान तुम्ही आणि काकू."

शेठनी चोरून टेम्पोकडे पाहिलं. "होम अंगणात मांडा, पोरी. आत... धूर होतो."

"मांडू की! होम काय, तासाभराचा. पण आईची चूल रोज आत पेटते. तीही अंगणात मांडायची का?"

आधी शेठच्या शेजारी उभ्या काकू हसल्या, मग सगळी वसाहत. टेम्पो आला तसा कारखान्यात परतला.

पंधरा दिवसांनी भिजवून वाळवलेले तक्ते आले. अंबिकेने एक तुकडा आईच्या चुलीत धरून पाहिला. तो काळवंडला, पण पेटला नाही. मग होम घरातच झाला, आणि आहुती टाकताना शेठनी एकदाही धास्तावून वर पाहिलं नाही.