मथुरेच्या नावाची पेज
फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल नव्हता तेव्हा, पाणवेळ गावच्या बायका ओहोटीला कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून शिवल्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचायच्या. वेचता वेचता एखादीच्या पोटरीत गोळा यायचा आणि ती जागीच खिळायची. आसरेनं पाय धरला, म्हणायचे लोक. अशा बाईला कुणी हात लावायचा नाही, नाहीतर पाण्यातली आसरा दोघींना नेते. बाकीच्या काठावर येऊन रडायच्या, अन् भरती आपलं काम करायची. मेला कुणी घातला होता तो नेम, कोण जाणे.

आवडाईची धाकटी बहीण मथुरा अशीच गेली. आवडाईला चौघींनी धरून ठेवलं होतं. तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला. पुढं लेक जनी खाडीत उतरू लागली, तशी आवडाईची नजर टोपलीत कमी आणि लेकीवर जास्त.

एका दुपारी घरात आडवी झाली असताना आवडाईच्याच पोटरीत गोळा चढला. आसरा घरात शिरली म्हणून तिच्या तोंडचं पाणी पळालं. देव्हाऱ्याकडे पळायला ती उठली, टाच जमिनीला टेकली, गुडघा ताठ झाला, आणि पोटरी हळूहळू मोकळी झाली. देव्हारा तर अजून लांबच होता. आवडाईनं पोटरी चाचपून पाहिली. म्हणजे मथुरेलाही... पुढचं तिच्यानं मनात आणवेना. पण घरातली आसरा नि पाण्यातली आसरा एकच कशावरून? कुणाला सांगायचा धीर होईना.

मग एक दिवस भरती चढताना जनी कळवळली, "आये, पाय."

बायका मागे सरल्या. "आवडे, जाऊ नको. तुलाही नेईल ती."

"नेऊ दे," म्हणत आवडाई पाण्यात शिरली. तिनं बुडी मारली, लेकीचा गुडघा ताठ केला, चवडा धरून नडगीकडे ओढला आणि तसाच धरून ठेवला. तेवढा वेळ भरती जनीच्या हनुवटीखाली थांबून राहिली, असं म्हणतात. मायलेकी चालत काठावर आल्या.

उन्हात घाम गाळून उपाशी उतरणारीलाच गोळा जास्त येतो, हेही पुढं आवडाईनंच ताडलं. म्हणून आजही तिथल्या बायका आधी मीठ घातलेली पेज पितात, एकमेकींचे चवडे ओढून देतात, मगच उतरतात. कुणी "पाय" म्हणाली की जवळ असेल तिनं जायचं, मग दोघींचं हाडवैर का असेना.

पेजेचा पहिला घोट खाडीत सोडतात. तेव्हा कुणी आवडाईचं नाव घेतलं तर म्हाताऱ्या दटावतात. तिनंच सांगून ठेवलंय, माझं नको, मथुरेचं घ्या. मग सगळ्या पाण्यात पाय घालता घालता म्हणतात, "मथुरे, आलो गं."